विजेचे मनोरे आणि भाताची कणगी

१९४२ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत कर्जत आणि आसपासच्या डोंगरपट्ट्यात विजेचे अकरा मनोरे आडवे झाले. घाटाखाली तयार होणारी टाटांची वीज या लोखंडी मनोऱ्यांवरून मुंबईला जायची आणि तिथल्या गिरण्या त्यावर चालायच्या. महायुद्ध ऐन भरात होते, गिरण्यांत लष्करासाठी कापड निघत होते. अशा वेळी सरकारची झोप उडवणारा माणूस निघाला माथेरानचा एक वकील. वय अजून तिशीच्या आत, थंड हवेच्या त्या छोट्या गावाच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष, घर नाभिकाचे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई म्हणत.

नेरळ-कर्जतकडे भाईंचे नाव आजही घरोघरी माहीत आहे. चौकाला त्यांचे नाव आहे, स्मारक आहे, २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला. पण सांगताना सगळे मनोऱ्यांपासून सुरुवात करतात आणि सिद्धगडावरच्या गोळीबारापाशी थांबतात. मनोऱ्यांच्या आधीची चार-दोन वर्षे भाई काय करत होते, हे सांगणारा क्वचित भेटतो. ते धान्य गोळा करत होते. माझ्या मते त्यांच्या लढाईची चावी तिथे आहे, म्हणून मी तिकडूनच येतो.

त्याआधी या मुलखाची एक खोड सांगायला हवी. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला टेकलेले आहेत. वर मावळ, खाली कोकण आणि मधे पाचशे मीटरच्या आसपासचा कडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांच्या कंपनीने हा कडाच कामाला लावला. लोणावळ्याच्या बाजूला पावसाचे पाणी धरणांत अडवायचे आणि लोखंडी नळांतून सरळ खाली सोडायचे. खाली चक्रे फिरली की वीज तयार. खालापूर तालुक्यात खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले, कर्जत तालुक्यात भिवपुरीचे १९२२ मध्ये. पुढे १९२७ मध्ये दक्षिणेला भिऱ्याचे वीजघर आले. त्या भिऱ्यासाठी वर मुळशीचे धरण बांधले गेले. सेनापती बापटांनी मुळशीत केलेला सत्याग्रह मराठी माणसाला ठाऊक असतो, त्या पाण्याचे खाली काय झाले याची चौकशी फारसे कुणी करत नाही.

झाले ते असे. पूर्वेकडे, घाटमाथ्यावरून देशावर जाणारे पाणी पश्चिमेला वळले. खोपोलीत चक्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी पाताळगंगेला मिळाले, भिवपुरीचे उल्हास नदीला. एरवी पावसाळा सरला की आटणाऱ्या या नद्या बारमाही वाहू लागल्या. कोकणाला पाणी मिळाले खरे. वीज मात्र मिळाली नाही. ती तारांवरून थेट सत्तर किलोमीटरवरच्या मुंबईत गेली. मनोरे उभे राहिले भातखाचरांत, वरकस जमिनीत, ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्यांजवळ. तारांखाली राहणाऱ्या माणसाच्या घरात मात्र रॉकेलची चिमणीच होती, आणि युद्ध सुरू झाल्यावर रॉकेलही नीट मिळेनासे झाले. आपल्या डोक्यावरून जाणारी गोष्ट आपली नाही, हे इथल्या माणसाला कुणी सभा घेऊन शिकवायची गरज नव्हती. मान वर केली की दिसत होते.

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला झाला. माथेरान हे गावच मुळी साहेबासाठी वसलेले. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढून गेला आणि पुढे मुंबईच्या गोऱ्यांनी आणि पारशी, बोहरी शेटांनी तिथे बंगले बांधले. १९०५ मध्ये नगरपालिका आली, १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर चढू लागली. पाहुण्यांचा मोसम असला की गावाला रोजगार. हमाल, घोडेवाले, हातरिक्षा ओढणारे, खालच्या वाड्यांतून भाजी-लाकूड डोक्यावर घेऊन कडा चढणाऱ्या बायका, सगळे त्यावर जगणार. पाऊस लागला की गाडी बंद आणि गाव ओस. तिथे केस कापणाऱ्याच्या घरात काय शिल्लक पडणार? चार महिन्यांची कमाई आणि आठ महिन्यांची काळजी.

मुलगा हुशार निघाला. माथेरानला शाळा फार पुढची नव्हती, म्हणून पुण्यात आत्याकडे राहून शिकला आणि पुढे कायद्याची पदवी घेतली. त्या काळात नाभिकाच्या घरातला मुलगा वकील होणे ही लहान गोष्ट नव्हती. पुण्या-मुंबईत राहून बरे पैसे मिळवता आले असते. ते परत आले. नगरपालिकेच्या कारभारात शिरले, आणि डोंगराखालच्या गावांत पोरांसाठी शाळा सुरू करण्याच्या मागे लागले.

खाली उतरल्यावर त्यांना जे दिसले ते शाळेने सुटण्यासारखे नव्हते. कुलाबा जिल्ह्यातला (आजचा रायगड हे नाव १९८१ चे) शेतकरी बहुतेक कुळ होता. जमीन खोताची, सावकाराची किंवा मुंबईत राहणाऱ्या मालकाची. पीक एकच, भात. दिवाळीच्या सुमाराला खळ्यावर रास पडायची आणि तिथेच निम्मी उचलली जायची. उरलेले धान्य होळीपर्यंत कसेबसे पुरायचे. मग आषाढ-श्रावण. लावणीचे दिवस, अंगमेहनत सर्वांत जास्त आणि कणगी सर्वांत रिकामी. तेव्हा सावकाराच्या दारात जाऊन खावटी घ्यायची. खावटी म्हणजे खायला उसने धान्य. फेडायची सुगीला, सवाईने किंवा दिढीने. मणाला सव्वा मण, नाही तर दीड मण. चार-पाच महिन्यांच्या उसनवारीवर हे व्याज. ज्याने आषाढात दोन मण नेले त्याच्या खळ्यावरून कार्तिकात तीन मण गेले, म्हणजे पुढच्या आषाढात तो आणखी आधी सावकाराच्या दारात. त्यात माप सावकाराचे. देताना पायली तळाला टेकून भरायची आणि घेताना शीग लावून, हे कुळ उघड्या डोळ्यांनी बघायचे आणि गप्प बसायचे.

जिल्ह्यात याविरुद्ध धग होतीच. अलिबागजवळ चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून तब्बल सहा वर्षे जमिनी कसायला नकार दिला होता. १९३० मध्ये उरणजवळ चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळ्यांनी नाग्या कातकरी आणि इतर पडले होते. भाईंनी या वाटेने न जाता आणखी एक वाट काढली. सावकाराशी भांडण्याआधी सावकाराची गरजच कमी करायची. त्यासाठी त्यांनी धान्यकोठारे सुरू केली. सुगीला ज्याच्याकडे आहे त्याने गावाच्या कोठारात भात टाकायचे, पावसाळ्यात अडलेल्याने तिथून न्यायचे आणि सुगीला परत आणून टाकायचे. ऐकायला सोपे वाटते. चालवायला महाकठीण. वही लागते, विश्वासाचा माणूस लागतो, उंदीर आणि ओल यांच्यापासून भात राखावे लागते. परत न करणाऱ्याच्या घरी जाऊन बसावे लागते, आणि तो आपल्याच भावकीतला असला तर जास्तच वेळ बसावे लागते.

नाभिक हा बलुतेदार. त्याची मजुरी गावोगाव धान्यातच मिळायची, खळ्यावरचा आपला वाटा उचलून. भात मोजले जाताना उभे राहायचे आणि माप कसे पडते ते पाहायचे, हे त्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेले. वकिलीच्या पुस्तकांपेक्षा याचा भाईंना अधिक उपयोग झाला असावा, असे मला वाटते.

मग युद्ध कोकणाच्या उंबऱ्यावर आले. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ हिंदुस्थानात येणे बंद झाले. मुंबई आणि किनारपट्टी हा तांदूळ खात होती. भाव चढू लागले, व्यापाऱ्यांनी माल दडवला. धान्याचे जे संकट दरवर्षी श्रावणात यायचे ते आता बारमाही झाले. मुंबईत रेशनिंग सुरू व्हायला १९४३ चा मे महिना उजाडायचा होता. मधल्या वर्षात खेड्याची काळजी सरकार करत नव्हते, ती कोठारे चालवणारी माणसे करत होती.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुढारी तुरुंगात गेले. पुढारी आत गेल्यावर चळवळ ज्यांच्या हाती पडली ती सगळी गावपातळीची माणसे होती. साताऱ्यात पुढे नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. मुंबईत उषा मेहतांनी चोरून काँग्रेस रेडिओ चालवला. कर्जतमध्ये भाई भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभा केला. पन्नासेक माणसे. त्यांत मानिवलीचे गोमाजी पाटील होते आणि त्यांचा तरुण मुलगा हिराजी होता. शेतकरी होते, मास्तर होते, डोंगर जाणणारे आदिवासी होते. हा दस्ता एका रात्रीत उभा राहिला असे वाचले की मला हसू येते. शाळेसाठी आणि भातासाठी वाडीवाडीला जे जाणे-येणे होते, त्याच वाटांनी ही माणसे जमली. कुणाच्या घरी रात्री भाकरी मिळेल आणि कुणाच्या ओटीवर झोपणे धोक्याचे, हे कोठाराच्या वहीने त्यांना आधीच शिकवले होते.

आता मनोरेच का? रेल्वेचे रूळ उखडणे, तारायंत्राच्या तारा तोडणे हे देशभर चालले होते. मनोऱ्याला मोठे कारण होते. त्या ऑगस्टात अहमदाबादच्या गिरण्या बंद पडल्या त्या तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या. मुंबईच्या गिरण्या मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा धडधडू लागल्या. गिरणगावात कम्युनिस्टांचे वजन होते आणि रशिया युद्धात उतरल्यापासून हे त्यांच्या लेखी लोकयुद्ध झाले होते, त्यामुळे संपाला त्यांचा विरोध होता. म्हणजे मुंबईची गिरणी कामगाराकडून बंद होणार नव्हती. ती बंद करायची तर तिचा श्वास घाटाखाली धरायला हवा होता. हा हिशेब भाईंनी कुठे लिहून ठेवलेला नाही, पण निवडलेले लक्ष्य पाहिले की तो आपोआप समोर येतो. दिल्लीतल्या कुठल्या समितीने सांगून हे सुचले नसते. खोपोली आणि भिवपुरी ज्याच्या पायाखाली आहेत त्यालाच सुचणार.

मनोरा पाडणे हे काम आहे, चमत्कार नाही. चार लोखंडी पाय सिमेंटात रोवलेले, वर आडवे हात, त्यांवर चिनी मातीच्या चकत्यांच्या माळा आणि माळांना ताणलेल्या तारा. तारांत उच्च दाबाची वीज खेळती. लोखंड कापायच्या करवतीने रात्रभर पाय कापत बसायचे, असे जुने लोक सांगतात. करवतीचा आवाज रानात लांब जातो. पाती तुटतात. पाऊस ओसरलेला असला तरी सप्टेंबरात गवत कमरेएवढे असते आणि त्यात जनावर असते. अंधारात बत्ती लावायची सोय नाही. दोन पाय कापून झाले की मनोरा कोणत्या बाजूला झुकेल हे तारांच्या ताणावर ठरते, आणि खाली उभ्या माणसाला ते आधी कळले नाही तर त्याला पुन्हा काही कळायचे कारण उरत नाही. अकरा वेळा हे झाले. एक मनोरा कोसळला की ती वाहिनी बंद आणि दुरुस्तीचे अवजड लोखंड बैलगाडी जाणार नाही अशा जागी माणसांच्या खांद्यावरून न्यायचे. शिवाय पुढचा कोणता पडणार ते ठाऊक नसल्याने राखण सगळ्यांचीच करायची.

सरकार चिडले यात नवल नाही. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिलना कळवले होते की १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे. बिहारात तर जमावावर विमानांतून मशीनगन चालवल्या गेल्या. पण याच युद्धात सरकारच्या बाजूने लढणारी आपली मुलेही होती. मुंबईचा हृषीकेश मुळगावकर हा मराठी तरुण तेव्हा हवाई दलात वैमानिक होता. १९४० मध्ये तो दाखल झाला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढला आणि १९७६ मध्ये स्वतंत्र भारताचा हवाई दलप्रमुख झाला. भाईंपेक्षा आठ वर्षांनी लहान. एकाच मुलखातली, एकाच पिढीची ही दोन शिकलेली मुले एकाच युद्धात एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभी होती, आणि देशाने पुढे दोघांनाही आपले म्हटले. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. १९४२ साली हिंदुस्थानी माणसापुढे सोपा रस्ता नव्हताच.

भाईंच्या डोक्यावर बक्षीस लागले. हॉल नावाचा पोलिस अधिकारी आणि त्याच्या जोडीला स्टॅफर्ड यांच्यावर शोधाची कामगिरी सोपवली गेली. कर्जतच्या बाजूला राहणे अवघड होत गेले तसा दस्ता उत्तरेला, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात सरकला. आधी धसईच्या आसपास आणि मग सिद्धगडाच्या रानात. भीमाशंकरच्या कड्याला चिकटलेला हा किल्ला. भोवती दाट झाडी, खाली ठाकर-महादेव कोळ्यांच्या वाड्या, वर जायला अरुंद वाटा. लपायला जागा उत्तम. पण लपलेल्या माणसालाही रोज जेवायला लागते, आणि डिसेंबरच्या थंडीत सह्याद्रीच्या कुशीत पांघरूण लागते. जो माणूस दुसऱ्यांच्या कणग्या भरत होता तो आता स्वतःच मदतीची चिठ्ठी लिहीत होता.

अशीच एक चिठ्ठी एका जमीनदाराच्या हाती पडली आणि त्याने ती पोलिसांना दिली. मागचे सगळे वाचून आलेल्याला हा अपघात वाटणार नाही. ज्यांच्या दिढी-सवाईवर कोठारांनी घाव घातला होता त्या वर्गाला या वकिलाबद्दल प्रेम असायचे काही कारण नव्हते.

२ जानेवारी १९४३ ची पहाट. पोलिसांनी रानातला तळ घेरला. गोळीबार सुरू झाला त्यात आधी हिराजी पाटील पडले. भाईंना मांडीत गोळी लागली. जखमी होऊन पडलेल्या भाईंवर हॉलने जवळून गोळी झाडली, असे तेव्हापासून सांगितले जाते. भाईंना तिसावे संपून जेमतेम महिना झाला होता. घरी पत्नी होती, लहान मूल होते.

दरवर्षी २ जानेवारीला पहाटेच सिद्धगडाच्या पायथ्याशी लोक जमतात. मुरबाड, कर्जत, कल्याणकडून आदल्या रात्रीच निघालेली तरुण मुले मशाली घेऊन चालत येतात. मानवंदना होते, भाषणे होतात, निवडणुकीचे वर्ष असेल तर जरा जास्तच होतात. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ही दोन नावे तिथे जोडीनेच घेतली जातात आणि ते योग्यच आहे.

कोठारांचा मागोवा मात्र कायद्याच्या पुस्तकात घ्यावा लागतो. १९४६ मध्ये मुंबई सरकारने सावकारी नियंत्रणाचा कायदा केला. १९४८ मध्ये कुळकायदा आला आणि १९४९ मध्ये खोती रद्द झाली. कूळ जमिनीचा मालक होऊ लागला तशी दिढी-सवाई कुणब्या-आगऱ्यांच्या घरातून हळूहळू मागे हटली. डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांकडे मुळात जमीनच नव्हती, त्यामुळे कुळकायद्याने त्यांच्या पदरात फारसे पडले नाही. पावसाळ्याची खावटी त्यांना लागतच राहिली. काही ती सावकाराकडून घेत, काही वीटभट्टीच्या मालकाकडून आगाऊ उचल म्हणून. उचल घेतली की दिवाळीनंतर सगळे कुटुंब मुलाबाळांसकट भट्टीवर. पुढे राज्य सरकारने आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज द्यायला सुरुवात केली, ती योजनाही मधे काही वर्षे बंद पडली. २०२० मध्ये टाळेबंदीत हातचे काम गेल्यावर ती अनुदान म्हणून पुन्हा सुरू झाली. कुटुंबाला चार हजार रुपये, त्यातले दोन हजार रोख आणि दोन हजारांचे डाळ, तेल, साखर, चहापत्ती असे सामान. खोपोली आणि भिवपुरीची वीजघरे तेव्हाही चालू होती, आणि मुंबईला जाणाऱ्या तारा त्याच वाड्यांवरून जात होत्या.